पहिलं हसू आत्याला

माझ्या नणंदेला दोन्ही गालांवर खळ्या पडतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ती येणारच आहे आणि खळ्यांसकट येणार आहे. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली. या सात वर्षांत त्या खळ्यांचा जितका विचार मी केला, तितका तिनं स्वतः जन्मात केला नसेल. ज्यांना हसता येतं त्यांना त्याचं भान कुठे असतं!

माझा चेहरा जन्मापासून हलत नाही. डोक्यातून चेहऱ्याकडे येणाऱ्या ज्या नसा माणसाला हसवतात, कपाळाला आठी घालतात, ओठ मिटवतात, त्या माझ्यात नीट आल्याच नाहीत. डोळे बाजूला फिरवणाऱ्या नसांचंही तेच. डावीकडचं किंवा उजवीकडचं पाहायचं तर मला सगळी मान वळवावी लागते, म्हणून शाळेत पोरं मला उल्लू म्हणायची. झोपेत माझे डोळे पुरते मिटत नाहीत, त्यात थेंब घालावे लागतात. या दुर्मिळ प्रकाराला कुणा परदेशी डॉक्टराचं नाव दिलेलं आहे. त्या नावात म आहे आणि ब आहे, म्हणजे ज्यांना हा आजार आहे त्यांनाच तो उच्चारता येऊ नये अशी चोख व्यवस्था करून ठेवली आहे.

कारण प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं ओठांची आहेत, आणि माझे ओठ मिटत नाहीत. हिंदीच्या बहनजींनी पवर्ग शिकवला त्या दिवशी सगळा वर्ग माझ्याकडे वळून पाहत होता. मी जिभेनं काम भागवते. वरच्या दातांना जीभ लावून काहीतरी ओठांसारखं काढते. सवयीच्या माणसाला ते कळतं, नव्या माणसाला माझं ‘पाणी’ हे ‘ताणी’ ऐकू येतं. फोनवर तर लोकांना वाटतं बाई प्यायलेली आहे. इथे मी माझं बोलणं सरळ लिहिणार आहे. कागदावर ओठ लागत नाहीत.

मी जबलपूरला, खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढले. तान्हेपणी मला दूध ओढता येत नव्हतं, आईनं चमच्यानं थेंबथेंब पाजून मला जगवलं. शेजारच्या बायकांनी तिला विचारून विचारून भंडावलं, की ग्रहणात काही चिरलं होतं का. आई म्हणायची, हो, तुमचीच जीभ चिरायला बसली होती. तिचा राग माझ्यात उतरला. तिचा तो रागीट चेहरा मात्र उतरला नाही, आणि रागाला चेहरा नसला की माणूस आतल्या आत फार शिजतो.

पुढे मी लॅब टेक्निशियन झाले. हे काम मला देवानं शोधून दिलं असावं. मायक्रोस्कोपमध्ये डोळे फिरवायचे नसतात, स्लाइड फिरवायची असते. शिवाय रक्ताचा थेंब तुमच्याकडे बघून ‘मॅडम नाराज आहेत का’ असं विचारत नाही. नवरा मला तिथेच भेटला. टायफॉइडची तपासणी करायला आला आणि एकच रिपोर्ट घ्यायला तीनदा आला. पहिल्या दिवशी त्याला वाटलं मी त्याच्यावर चिडलेय, दुसऱ्या दिवशी वाटलं मला तो मुळीच आवडलेला नाही. तिसऱ्या दिवशी मी एका रद्दी फॉर्मच्या मागे लिहून दिलं, ‘चेहऱ्यावर जाऊ नका, मला आवडलंय.’

त्याचं घर सराफ्याच्या मागच्या गल्लीत. आईवडील नाहीत. मोठ्या बहिणीनं त्याला वाढवलं, आणि वाढवता वाढवता स्वतःचं लग्न राहून गेलं. ती मझौलीला सरकारी शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवायची. आठवडाभर तिकडे राहायची आणि शनिवारी बसनं जबलपूरला यायची. या घरात तिला सगळे दीदी म्हणतात, मीही म्हणते. तोंडावर मी तिला ‘तुम्ही’ म्हणते. मनातल्या मनात एकदाही म्हटलेलं नाही.

ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं. ती चांगली आहे. घरात पाऊल टाकते तीच हसत, आणि तिच्या हसण्यानं समोरचा माणूसही हसतो, नळ दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा. मी मात्र ज्या खोलीत जाते तिथे लोक जरा गप्प होतात, आपलं काही चुकलं का ते आठवत बसतात. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत माझ्या लक्षात आलं, की नवरा ऑफिसातली गंमत माझ्याकडे बघून सुरू करतो आणि तिच्याकडे बघून संपवतो. त्यात त्याचा दोष नाही. गंमत सांगणाऱ्याला हसणारं तोंड समोर लागतं. पण माझ्या पोटात दुखलं ते दुखलंच.

मग मला दिवस राहिले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा प्रकार मुलात उतरण्याची शक्यता फार कमी. मी रोज रिपोर्टांमध्ये ‘फार कमी’ शक्यतेच्या गोष्टी पाहत होते, त्यामुळे मला त्याचा काही आधार वाटला नाही. मुलगी जन्मली, रडली, आणि मी नर्सला पहिलं काय विचारलं असेल तर, “रोते टाइम मुँह हिला क्या?” नर्सला माझं बोलणं कळेना. मी तीनदा विचारलं. शेवटी तिनं बाळच माझ्यासमोर धरलं. रडून लाल झालेला, सुरकुतलेला, शंभर ठिकाणी दुमडलेला चेहरा! इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दूध ओढायला लागली. एवढेसे ओठ, आणि काय ताकद! आता खरं सांगायचं म्हणून बसले आहे तर हेही सांगते. मला माझ्या एका दिवसाच्या मुलीचा हेवा वाटला. आईचा चमचा आठवला आणि वाटलं, हिला कुणी शिकवलं? मला का नाही शिकवलं? हा हेवा दोन-चार दिवसांत विरला. पण त्याच्या जागी एक धास्ती येऊन बसली, ती आजवर गेलेली नाही. मुलं म्हणे आईच्या चेहऱ्यात बघून आईला ओळखतात. आई खूश आहे, आई रागावलीय, आता भीती नाही, आता खेळ. माझ्या चेहऱ्यात तर काहीच लिहिलेलं नाही. आपली आई आपल्याला पाहून हसतेय, हे माझ्या मुलीला कधी कळणार का?

तिच्याशी बोलून भागवू, असं मी ठरवलं. आणि बोलायचं तर पहिली गोष्ट, तिचं नाव मला स्वच्छ उच्चारता यायला हवं. आमच्याकडे सगळी मुलं मम्मी म्हणतात, पण मी ‘आई’च म्हणायला लावणार होते, कारण ‘आई’ला ओठ लागत नाहीत. नावही तसंच हवं होतं. मी दहा नावं काढली, एकातही पवर्गातलं अक्षर नव्हतं. कागद नवऱ्याच्या हातात दिला आणि सांगितलं, नाव ठेवायचा मान दीदीचा आहे, ठेवू देत, पण यातलंच ठेवू देत.

बारसं सव्वा महिन्यानं झालं. पाळणा फुलांनी सजवला होता, मी हिरवी साडी नेसून पाटावर बसले होते. नणंद पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात तिनं ‘कुर्रर्र’ केलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. ती ‘अगं मेले मेले’ करत हसत होती. मग तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि मान वर करून सगळ्यांना सांगितलं.

तीन अक्षरी नाव. पहिलं अक्षर प, शेवटचं मा.

सगळ्यांनी वा वा केलं. मी मनातल्या मनात नाव घेऊन पाहिलं. पहिल्या अक्षरालाच सगळी हवा निघून गेली. आणि त्याच वेळी नणंद ओरडली, “ए, हसली! अरे, हसली बघा!”

खरंच हसली होती. झोपेत ओठ हलतात तसलं नाही. आत्याच्या तोंडाकडे बघून, तिच्या खळ्यांकडे बघून, माझी मुलगी आयुष्यातलं पहिलं हसू हसली होती. बायका पाळण्याभोवती गोळा झाल्या. फोन बाहेर निघाले. मी पाटावर होते तिथेच. कोणी म्हणालं, आईलाही घ्या फोटोत. शेजारच्या चाचींनी माझ्याकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात बोलल्या, “माँ तो खुश ही नहीं लग रही. बिटिया हुई है इसलिए क्या?”

“नाही हो चाची,” नणंद लगेच म्हणाली, “इसका चेहरा ही ऐसा है. ही फार खूश आहे.”

ती माझी बाजू घेत होती. मला मात्र तिच्या त्या ‘फार खूश’चा इतका संताप आला, की माझ्या हातातला नारळ मी तिच्या ओटीत टाकायच्याऐवजी जवळजवळ आपटला. कोणाच्या लक्षात आलं नाही. चेहरा शांत होता ना!

नंतर मी नवऱ्याला त्या कागदाचं विचारलं. कागद त्यानं बहिणीला दिला होता. फक्त कारण सांगायचं राहिलं होतं. तिला वाटलं वहिनीनं सहज काही नावं सुचवली आहेत, पण मान तर आत्याचा, आणि तिनं दोन महिने पुस्तकं चाळून नाव काढलेलं. “अगं, माझ्या डोक्यातच नाही आलं,” नवरा म्हणाला. “तुझं बोलणं मला आता सरळच ऐकू येतं.” हे ऐकून प्रेमानं भरून यायला हवं होतं. मला त्याच्या डोक्यात रिपोर्टांची फाइल घालावीशी वाटली.

दीदीला आता काही सांगायचं नाही, असं मी त्याला बजावलं. मुलीला तायडी म्हणायला लागले. ‘तायडे’ अशी हाक मारली की ती माझ्या तोंडातून स्वच्छ, न लंगडता बाहेर पडायची. घरात सगळे तिला त्या भारदस्त नावानं बोलवत आणि मी एकटी तायडे. लोकांना वाटलं लाडानं म्हणते.

मग शनिवार सुरू झाले. बस चारच्या सुमारास यायची. नणंद पिशवीत मझौलीचा ताजा वाटाणा नाहीतर गूळ घेऊन दारात उभी राहायची आणि पाळण्यातून आधी किंकाळी यायची, मग हसू. ती गेली की मुलगी माझ्याकडे बघायची. ते बघणं मी कसं सांगू? गंभीर. डोळे मोठे करून, भुवया किंचित जवळ आणून, एकटक. बारीक अक्षरांचा कागद वाचावा तशी. मला वाटायचं ती घाबरते. मला वाटायचं ती शनिवारची वाट बघते.

एका शनिवारी मी तिला तीन वाजता तेल लावून गरम पाण्यानं न्हाऊ घातलं. पावणेचारला ती गाढ झोपली. बेल वाजली तेव्हा मी दारात जाऊन म्हटलं, “आत्ताच झोपली, दीदी.”

“अच्छा, झोपू दे. मी बसून राहते.”

दोन तास ती पाळण्याजवळ स्टुलावर बसून राहिली. एकदाही पाळणा हलवला नाही, एकदाही बाळाला हात लावला नाही. पुढच्या शनिवारी मी पुन्हा तेच केलं. त्याच्या पुढच्याही. माझा चेहरा खोटं बोलायला उत्तम आहे, त्याच्यावर चोरी सापडत नाही. बाकीच्यांना जे फुकट मिळालं ते मला मिळालं नाही, पण हे एक मला मिळालं, आणि मी ते वापरलं.

तरी मुलगी उठायचीच कधीतरी, आणि हसायचीच. शेवटी मार्चमध्ये मी लॅबमधल्या अधिकारानं बोलले. “दीदी, तुमच्या शाळेत पोरांना खोकला सुरू आहे ना? डॉक्टर म्हणून राहिले होते, महिनाभर बाहेरचं कोणी नको.”

फोनवर ती म्हणाली, “मी बाहेरची काय?”

“बाहेरून येणारं, असं म्हणून राहिली मी.”

“अच्छा. ठीक आहे. काळजी घ्या.”

चार शनिवार ती आली नाही. त्या चार शनिवारांत मी काय काय नाही केलं! टाळ्या वाजवल्या, खुळखुळे वाजवले, डोक्यावर पातेलं घातलं, ‘कुर्रर्र’सुद्धा केलं. ‘कुर्रर्र’ला ओठ मिटावे लागत नाहीत, ते मला मस्त जमतं. मुलगी माझ्याकडे बघायची. तसंच, गंभीर, बारीक अक्षरं वाचत. मग नवरा कामावरून यायचा, दात दाखवायचा, आणि ही खुदकन हसायची. भाजीवाल्या भैयाला हसली. गॅस सिलिंडर आणणाऱ्या माणसाला हसली. मला त्या सिलिंडरवाल्याचाही हेवा वाटला, यापुढे आणखी काय सांगू? नणंद व्हिडिओ कॉल करायची तेव्हा मी फोन असा धरायची की कॅमेऱ्यावर माझा अंगठा येई. “काही दिसून नाही राहिलं गं,” ती म्हणायची. मी म्हणायची, नेटवर्क.

तिला परत बोलावलं ते काही मन मोठं करून नाही. माझी रजा संपली, आईचे गुडघे धरले, आणि तिला उन्हाळ्याची सुट्टी लागली. तिनं एका शब्दानं टोमणा मारला नाही. बॅग घेऊन आली आणि दोन महिने राहिली. मी लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायची आणि काचेखाली मला पेशी दिसायच्या नाहीत. घरी या घटकेला कोण कोणाकडे बघून हसत असेल, तेवढंच दिसायचं. एकदा एका भल्या माणसाचा रिपोर्ट मी दुसऱ्याच्या नावावर लिहिणार होते, वेळेवर लक्षात आलं.

त्या उन्हाळ्यात मुलगी ‘आ’ म्हणायला लागली. नुसतं आ. आई म्हणते की आत्या, यावर घरात कोणी वाद घातला नाही, कारण तो सगळा वाद माझ्या एकटीच्या डोक्यात चालू होता. दिवसभरातले आ मी मोजायची, आणि ते म्हणताना तिचं तोंड कोणाकडे होतं तेही बघायची.

सुट्टी संपत आली तेव्हा एका दुपारी आम्ही दोघी पापड वाळत घालत होतो. नणंद म्हणाली, “एक विचारू? तू तिला नावानं हाक नाही मारत कधी. काहून? नाव नाही आवडलं काय तुला?”

मी म्हटलं, “मला ते म्हणता येत नाही, दीदी.”

“काय?”

“प नाही येत मला. मा नाही येत. तुमच्या कधी लक्षातच नाही आलं?”

तिच्या हातातला पापड तसाच राहिला. तिचा चेहरा कसा उतरला ते मी पाहिलं, अगदी भिंतीवरचा रंग उतरावा तसा, आणि मला बरं वाटलं. तिला वाईट वाटलेलं पाहून बरं वाटलं. ती म्हणाली, “बदलून टाकू. आजच बदलू. मी सांगते सगळ्यांना, चूक माझी आहे.” तिचे डोळे भरले होते.

“राहू द्या,” मी म्हटलं. “आता दाखल्यावर आलं.”

हा मोठेपणा नव्हता. नाव बदललं असतं तर तिची चूक मिटली असती. मला ती चूक हवी होती, तिच्या नावावर, कायमची. तिच्याकडे खळ्या होत्या, माझ्याकडे निदान तिची एक चूक असावी.

पण त्याचा परिणाम मला वाटला तसा झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून नणंदही मुलीला तायडे म्हणायला लागली. मला साथ द्यायला, मला एकटं वाटू नये म्हणून. आठ दिवसांत नवराही म्हणायला लागला. माझ्याकडे हे एकच नाव होतं, जे फक्त माझ्या तोंडून येत होतं. आता तेही तिच्या तोंडून येऊ लागलं, आणि माझ्यापेक्षा गोड, कारण ‘तायडे’ म्हणताना ती हसायची.

पुढच्या वर्षी तिची बदली जबलपूरला झाली आणि ती कायमचीच आमच्याकडे राहायला आली. एव्हाना मुलगी चालत होती, बोलत होती, आत्याचं बोट धरून गल्लीत फिरायला जात होती. लोक म्हणायचे, हसते अगदी आत्यासारखी. एक खळी तिलाही पडायला लागली होती, डाव्या गालावर. माझ्यासमोर ती अजूनही कमी हसायची. माझ्या मांडीवर येऊन बसायची, माझ्या हनुवटीला हात लावायची, आणि बघत राहायची. किती बघशील, मी मनात म्हणायची, तिथे काही नाही. आणि कधीकधी, दोघी बाहेरून हसत हसत घरात शिरल्या की, मी मनात असंही म्हणायची, की हिनं आत्याकडे बघून हसू नये. एकदा तरी हसू नये.

आता परवाची गोष्ट. म्हणजे या हिवाळ्यातली, मुलगी सव्वादोन वर्षांची. रविवार होता, दुपारी साडेबारा झाले असतील. नवरा बाहेर गेला होता. मी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होते. बाहेरच्या खोलीतून नणंदेची हाक आली, आणि ती हाक नेहमीची नव्हती.

“अगं, इकडे ये! जल्दी ये! हिला काय झालं बघ!”

मी धावले. मुलगी चटईवर बसली होती, समोर कापडी बाहुली. मुलीचा चेहरा हलत नव्हता. तोंड किंचित उघडं, ओठ सैल, डोळे सरळ समोर. नणंद तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून टाळ्या वाजवत होती, कुर्रर्र करत होती, दोन्ही खळ्या पाडून हसून दाखवत होती. पोरीच्या चेहऱ्यावर एक रेष उमटली नाही. मग तिनं बाजूला पाहिलं. डोळे फिरवले नाहीत, सगळी मान सावकाश वळवली.

हा आजार असा नंतर होत नाही, मला पक्कं ठाऊक आहे, मी या विषयावरचं मिळेल ते वाचलेलं आहे. त्या क्षणी त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. एवढंच आठवलं, की मीच मागितलं होतं. हिनं हसू नये, असं मीच म्हटलं होतं.

“दवाखान्यात नेऊ काय?” नणंद म्हणाली. “सकाळी तर चांगली होती, हसून खेळून राहिली होती...”

तेवढ्यात मुलीचे खांदे हलले. दोनदा, झटक्यानं, वर. हनुवटी उचलली गेली. नाकातून हवा फसकन बाहेर आली, पुन्हा एकदा आली, आणि डाव्या हातानं तिनं बाहुलीच्या पोटावर हळूच थोपटलं.

मी खाली बसले. “तायडे, काय करून राहिली?”

ती चेहरा तसाच ठेवून म्हणाली, “मी आई.”

“अच्छा. आणि आई काय करून राहिली?”

“हसून राहिली.”

माझं हसणं मी कधीच पाहिलं नव्हतं. आरशासमोर मला हसू येत नाही आणि फोटोत ते दिसत नाही. मला वाटायचं ते आतच होतं आणि आतच संपतं. तर ते असं होतं. खांदे, हनुवटी, नाकातली हवा, आणि तो पोटावर थोपटणारा हात. कोणी सांगितलं नव्हतं, कारण कोणी पाहिलं नव्हतं. ही पोरगी दोन वर्षं माझ्या मांडीवर बसून तेच वाचत होती.

नणंद चटईवर बसली होती. तिनं डोळे पुसले, हसली, म्हणाली, “बाप रे! मला काय काय वाटून गेलं. हे आईचं हसणं काय? थांब, मी पण करते.” तिनं चेहरा स्थिर धरला, खांदे उडवले. पण खळ्या बाहेर आल्याच.

“नाही,” मुलगी म्हणाली. “असं नाही.”

नणंदेनं पुन्हा केलं. गाल आत ओढून केलं. मुलीनं मान हलवली आणि बाहुलीकडे वळली.

नणंदेनं एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तोंडावर हसू होतं, पण ते तिथे ठेवल्यासारखं होतं. ओठ ताणलेले, एकच खळी उरलेली, आणि माझ्यावरची नजर गरजेपेक्षा जरा जास्त वेळ टिकलेली. हे मी आधी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नव्हतं, तरी ओळखलं. मला बाहेरून कधी दिसलं नव्हतं एवढंच. आतून मी ते दोन वर्षं रोज पाहत होते.

खरं तर मी काहीतरी बोलायला हवं होतं. जिनं माझी मुलगी सांभाळली, जी दोन-दोन तास पाळण्याजवळ स्टुलावर बसली, तिच्यासाठी एक बरा शब्द माझ्याकडे असायला हवा होता. मी बोलले नाही. मला इतका आनंद झाला होता, की त्याची लाज नंतर वाटली, त्या वेळी नाही. मी नुसती बसून राहिले, निर्धास्त. माझ्या चेहऱ्यावर कोणाला काही सापडणार नव्हतं.

मुलीनं बाहुली खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, तसंच, एकटक. मग आत्याचा पदर ओढला.

“आत्या, बघ ना,” ती म्हणाली. “आई आता पण हसून राहिली.”